बी कायदेशीर, रोप गुन्हा

विशेष प्रतिनिधी

केरळात कोचीलगतच्या काक्कनाड भागातील एका सदनिकेवर २०२२ मध्ये पोलिसांनी छापा घातला, तेव्हा स्वयंपाकघरात गांजाचे एक झाड सापडले. एक कुंडी, एलईडी दिवे आणि हवा खेळती राहावी म्हणून लावलेला पंखा एवढाच तो पसारा होता. दोघांना अटक झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्लीलगतच्या ग्रेटर नोएडातील अशाच एका सदनिकेत सुमारे ऐंशी कुंड्या आढळल्या. तेथे तयार होणारा गांजा चढ्या दराने विकला जात होता आणि त्यासाठीचे बियाणे परदेशातून ऑनलाइन मागवले गेले होते, असे पोलिसांनी सांगितले. महाराष्ट्रालाही हा प्रकार नवा नाही. केंद्रीय अमली पदार्थ नियंत्रण विभागाने २०२१ मध्ये डोंबिवलीत घरातल्या घरात मातीविना गांजा वाढवण्याचा उद्योग उघडकीस आणला होता.

वृत्तपत्रांत या बातम्या जवळपास एकाच मथळ्याखाली येतात. एक झाड आणि ऐंशी झाडे यांतील फरक सामान्य वाचकाला सहज कळतो. आपल्या कायद्याने मात्र तो विचारात घेतलेला नाही. जगातील अनेक देश गेल्या काही वर्षांत नेमका हाच फरक मोजू लागले असताना, भारतातील स्थिती काय आहे आणि ती तशीच राहू द्यावी काय, याचा विचार करणे आवश्यक झाले आहे.

एक झाड असो वा शेत

गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजेच वकील आणि पोलिसांच्या बोलीतील ‘एनडीपीएस’ कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमलात आला. त्याच्या कलम ८ अन्वये परवान्याविना गांजाचे कोणतेही झाड लावण्यास मनाई आहे. कलम २० मधील पहिल्या भागात या गुन्ह्याची शिक्षा दिली आहे: दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. झाडे किती, ती स्वतःसाठी की विक्रीसाठी, शेतात की कुंडीत, याचा तेथे उल्लेखही नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशीच्या आड लावलेला एकरभर गांजा आणि पुण्यातील एखाद्या सदनिकेच्या सज्जात वाढलेले एक रोप, दोन्ही त्याच तरतुदीत बसतात.

जवळ बाळगण्याच्या गुन्ह्याची रचना वेगळी आहे. २००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षेला प्रमाणाची जोड देण्यात आली. त्यानुसार एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ ठरतो. २० किलोहून अधिक असल्यास ते ‘व्यावसायिक प्रमाण’ होते. अल्प प्रमाणासाठी त्या वेळी सहा महिन्यांपर्यंतची कैद होती, ती २०१४ च्या दुरुस्तीने एक वर्षापर्यंत वाढली. न्यायालय केवळ दहा हजार रुपयांपर्यंतचा दंडही करू शकते. व्यावसायिक प्रमाणासाठी मात्र किमान दहा आणि कमाल वीस वर्षांची सक्तमजुरी आहे. यातून निघणारा निष्कर्ष चमत्कारिक आहे. विक्रेत्याकडून पाऊण किलो गांजा विकत घेऊन घरी ठेवणाऱ्यास जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा होऊ शकते. आणि विक्रेत्याच्या वाटेला न जाता कुंडीत एक रोप लावणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत. तस्करीची साखळी तोडणे हा ज्या कायद्याचा मुख्य उद्देश आहे, तोच त्या साखळीतून माल घेणाऱ्यास तुलनेने सौम्य वागवतो.

लागवडीच्या गुन्ह्याला आज किमान शिक्षा नाही, त्यामुळे न्यायाधीशाला सौम्य शिक्षा देण्याची मुभा आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. जामिनाबाबतची अतिशय कठोर अटही मुख्यतः व्यावसायिक प्रमाण आणि तस्करीला अर्थपुरवठा यांसारख्या गुन्ह्यांना लागू होते. परंतु निकाल लागेपर्यंतचा काळच पुष्कळदा शिक्षेहून जड असतो. अटक, रासायनिक पृथक्करणाच्या अहवालाची प्रतीक्षा, न्यायालयाच्या तारखा, गमावलेली नोकरी आणि अडलेले पारपत्र यांचा हिशेब कोणत्याही कलमात नसतो.

घरमालकांनाही हा विषय परका नाही. आपली जागा या कायद्याखालील गुन्ह्यासाठी वापरली जात असल्याचे ठाऊक असूनही जो मालक वा ताबेदार ती वापरू देतो, त्याला कलम २५ अन्वये मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा होऊ शकते. शिवाय कलम ३५ नुसार आरोपीचा गुन्हेगारी हेतू गृहीत धरला जातो आणि तो नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर येते.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मधील एका निकालात या कठोरतेला एक मर्यादा घातली. जमिनीवर गांजाची झाडे आढळली एवढ्यावरून मालक दोषी ठरत नाही. ती त्याने लावली व जोपासली, हे सरकार पक्षाने दाखवले पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. गांजाचे झाड उत्तर भारतात रस्त्याकडेलाही आपोआप उगवते, ही वस्तुस्थिती त्यामागे होती. सदनिकेत दिव्याखाली ठेवलेल्या कुंडीला मात्र हा बचाव उपयोगी पडण्याजोगा नाही.

बियाण्याचे कोडे

कायद्यातील दुसरी विसंगती बियाण्याची आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुलांचे वा फळांचे शेंडे. शेंड्यांविना असलेली पाने व बिया त्यातून वगळलेल्या आहेत. ही व्याख्या १९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारातून आली. पाने वगळली गेल्यामुळे भांग केंद्रीय कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आणि तिचे नियमन राज्यांकडे गेले. मुंबई उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका प्रकरणात अटकपूर्व जामीन देताना या व्याख्येकडे लक्ष वेधले होते. जप्त मालात शेंडे किती आणि निव्वळ पाने, बिया व देठ किती, हे पाहिल्यावाचून वजन ठरवता येत नाही, असा तो मुद्दा होता.

बियांच्या बाबतीत तर सरकार आणखी पुढे गेले आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्प बी, त्याचे तेल आणि पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. शहरांतील दुकानांत ही पाकिटे आता प्रथिनयुक्त आहार म्हणून मांडलेली दिसतात. ही मान्यता अर्थातच खाण्यापुरती आहे. पेरणाऱ्याला तिचा काडीचा आधार नाही. परदेशातून बियाणे मागवणाऱ्यालाही ‘बी म्हणजे अमली पदार्थ नव्हे’ या युक्तिवादाने सुटका मिळतेच असे नाही. कोणत्याही पेरणीयोग्य बियाण्याच्या आयातीला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशातील परवाना व आरोग्य प्रमाणपत्राच्या अटी लागू होतात. तेव्हा बी खिशात असताना जो माणूस अमली पदार्थांच्या कायद्याबाहेर असतो, तो ते कुंडीत घालून पाणी देताच दहा वर्षांच्या कलमाखाली येतो.

राज्यांना परवान्याने लागवड करू देण्याचा अधिकार कायद्यातच आहे. उत्तराखंडाने २०१८ मध्ये अत्यल्प मादक द्रव्य असलेल्या औद्योगिक वाणासाठी तो वापरला. हिमाचल प्रदेश विधानसभेने सप्टेंबर २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या बाजूने पाऊल टाकले. परंतु या सर्व योजना धागा, तेल आणि औषध यांसाठीच्या आहेत. घरातील कुंडीचा विचार त्यांपैकी एकीतही नाही.

पीक दिव्याखाली का आले?

या वनस्पतीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि नशा आणणारे ‘टीएचसी’ हे द्रव्य मुख्यत्वे मादी झाडाच्या फुलोऱ्यात साठते. दिवस लहान होऊ लागले की तिला फुले येतात. बंदिस्त जागेत कृत्रिम प्रकाश वापरला, की ऋतूचे हे बंधन सुटते, शेजाऱ्यांची नजर टळते आणि निवडक वाण वाढवता येते. युरोप-अमेरिकेत पोलिसांनी शेतांवर हेलिकॉप्टरने पाळत ठेवण्यास प्रारंभ केल्यानंतर ही शेती घराघरांत शिरली, हा इतिहास आहे. बंदीने पीक नाहीसे झाले नाही. ते अधिक प्रखर होऊन छताखाली गेले. अमेरिकेत जप्त झालेल्या मालातील टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेले.

भारतात ‘हायड्रोपोनिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रखर मालाला महानगरांत मोठी किंमत मिळते. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. त्यानंतर बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून मुंबई विमानतळावर तो वारंवार जप्त होऊ लागला. थायलंडनेच जून २०२५ मध्ये घूमजाव करून विक्रीला वैद्यकीय चिठ्ठीची अट घातली. चोरट्या आयातीवर दबाव वाढला की देशातल्या देशात, घरातच पीक घेण्याचा मोह वाढतो. आपल्या कायद्यापुढे मात्र टीएचसीच्या प्रखरतेला महत्त्व नाही. गावठी गांजा आणि हायड्रोपोनिक गांजा एकाच तराजूत तोलले जातात.

बंदिस्त शेतीचे स्वतःचे धोकेही आहेत. अखंड चालणारे दिवे व वातानुकूलन यांमुळे विजेचा भार वाढतो, जुन्या वायरिंगच्या घरात आगीची भीती असते, दमटपणामुळे भिंतींना बुरशी लागते, आणि उग्र वासाचा उपद्रव शेजाऱ्यांना होतो. दाटीवाटीच्या गृहनिर्माण संस्थांत हे प्रश्न बंगल्यांच्या वस्तीपेक्षा अधिक तीव्र असणार.

जर्मनीची तीन रोपे

जर्मनीने या प्रश्नाला दिलेले उत्तर सध्या सर्वाधिक चर्चेत आहे. तेथील संसदेने २३ फेब्रुवारी २०२४ रोजी ४०७ विरुद्ध २२६ मतांनी विधेयक संमत केले आणि १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ नागरिकाला राहत्या घरी एका वेळी तीन रोपे लावण्याची मुभा मिळाली. घरात ५० ग्रॅमपर्यंत आणि बाहेर २५ ग्रॅमपर्यंत सुका माल बाळगता येतो. घरच्या पिकातून इतरांना देणे निषिद्ध आहे. मग ते विकत असो वा फुकट. मुलांच्या हाती लागणार नाही अशा तऱ्हेने रोपे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी लावणाऱ्यावर आहे. युरोपीय संघातील अन्य देशांतून घरगुती लागवडीसाठी बियाणे मागवता येते. १ जुलै २०२४ पासून कमाल ५०० सभासदांच्या लागवड संघांनाही परवानगी मिळाली. खुली दुकाने मात्र या कायद्याने उघडलेली नाहीत.

डॉक्टरांच्या संघटनांनी मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते, याकडे बोट दाखवून विरोध केला. घरात चौथे रोप आहे काय, हे पाहणार कोण, असा प्रश्नही विचारला गेला. २०२५ मध्ये फ्रीडरिश मेर्झ यांच्या नेतृत्वाखाली आलेल्या आघाडीतील ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाला हा कायदा मुळातच नको होता. अखेर रद्द करण्याऐवजी त्याचे निःपक्ष मूल्यमापन करण्यावर तडजोड झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अंतरिम अहवालानुसार गांजाविषयक नोंदलेले गुन्हे मोठ्या प्रमाणात घटले, सेवनात अचानक उसळी दिसली नाही, आणि लागवड संघांचा एकूण पुरवठ्यातील वाटा नगण्य राहिला. काळा बाजार संपला, असे म्हणण्यासारखी स्थिती नाही. परंतु पोलीस आणि न्यायालये यांच्यावरील भार कमी झाला, हे विरोधकांनाही नाकारता आलेले नाही.

अन्य देशांचे हिशेब

उरुग्वेने डिसेंबर २०१३ मध्ये नोंदणीकृत नागरिकाला सहा झाडे आणि वर्षाला ४८० ग्रॅमची मर्यादा घालून दिली. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रत्येक घराला चार झाडे दिली. क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर बंदी कायम ठेवली आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मॅनिटोबा प्रांताने आपली बंदी २०२५ मध्ये उठवली. माल्टाने २०२१ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०२३ मध्ये घरटी चार झाडे मान्य केली. नेदरलँड्समध्ये पाच झाडांपर्यंत सहसा खटला भरला जात नाही. पण विजेचे दिवे लावले की तीच लागवड व्यावसायिक समजली जाते. घरातील आणि उघड्यावरील लागवड यांत भेद करणारे हे उदाहरण उद्बोधक आहे.

दक्षिण आफ्रिकेचा मार्ग भारतीय वाचकाला अधिक जवळचा वाटावा. तेथील घटना न्यायालयाने १८ सप्टेंबर २०१८ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या आधारे, प्रौढ व्यक्तीने स्वतःच्या सेवनासाठी खासगी जागेत केलेली लागवड गुन्हा ठरवणे घटनाबाह्य असल्याचा निर्णय दिला. मात्र किती झाडे, हे न्यायालयाने ठरवले नाही. संसदेच्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी होण्यास मे २०२४ उजाडले. मधल्या काळात प्रमाण ठरवणारा नियम नसल्याने पोलीस आणि नागरिक दोघेही संभ्रमात राहिले. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला आहे. परंतु हा हक्क निरपवाद नाही, हेही त्याच निकालात स्पष्ट आहे.

अमेरिकेतील न्यूजर्सी राज्याने २०२२ पासून दुकानांतील विक्री सुरू केली, पण घरातील लागवड गुन्हाच ठेवली. नागरिकांच्या आरोग्याची काळजी की दुकानदारांच्या आणि कराच्या उत्पन्नाची, असा प्रश्न टीकाकार तेथे विचारतात. झाडांची संख्या प्रत्येक देशाने आपापल्या अनुभवातून ठरवली. स्वतःपुरती लागवड आणि व्यापारी लागवड यांच्यात रेघ ओढणे मात्र या बहुतेकांना आवश्यक वाटले.

आक्षेप आणि त्यांचे वजन

अशी रेघ ओढली तर नशेला उत्तेजन मिळेल, हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी मागील वर्षभरात भांग, गांजा वा चरस यांचे सेवन केले होते. त्यांपैकी सुमारे १ कोटी ३० लाख लोक गांजा-चरस या बेकायदा प्रकारांचे सेवन करणारे होते, आणि सुमारे ७२ लाख लोकांना या सेवनामुळे उपचारांची वा साहाय्याची गरज होती. ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, युरोप आणि ब्राझीलमधील अभ्यासात, प्रखर गांजा रोज ओढणाऱ्यांत तीव्र मनोविकाराची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे पाचपट आढळली. घरात, दिव्याखाली वाढणारा गांजा प्रायः याच प्रखर प्रकारातला असतो. त्यामुळे कुंडीतील रोप निरुपद्रवी आहे, असे म्हणणे आत्मवंचना ठरेल.

दुसरा आक्षेप अंमलबजावणीचा आहे. तीन रोपांना सवलत दिली, तर दहा सदनिकांत तीन-तीन रोपे ठेवून टोळी व्यापार करील. ही शंका रास्त आहे. परंतु एक किलोच्या मर्यादेबाबतही हेच म्हणता येते, आणि तरीही ती मर्यादा २००१ पासून कायद्यात आहे. विक्रीचे पुरावे, व्यवहारांच्या नोंदी, वजनकाटे, भाड्याने घेतलेल्या अनेक जागा यांवरून व्यापार ओळखण्याचे काम तपास यंत्रणा आजही करतातच.

या आक्षेपांतून सेवन मोकळे करण्याविरुद्धचा युक्तिवाद उभा राहतो. एका कुंडीला ऐंशी कुंड्यांची शिक्षा असावी, याचे समर्थन मात्र त्यांतून होत नाही. मनोविकाराकडे झुकणाऱ्या तरुणाला समुपदेशकाची आणि डॉक्टरची गरज असते. याच कायद्यातील कलम ६४ अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. पण ते सेवन आणि अल्प प्रमाणापुरते मर्यादित आहे. रोप लावणारा त्या दारातून आत जाऊ शकत नाही.

मोजमापाची गरज

संसदेला यासाठी क्रांती करावी लागणार नाही. लागवड हा गुन्हा ठेवूनही कलम २० च्या पहिल्या भागात, बाळगण्याच्या गुन्ह्याप्रमाणेच, अल्प, मध्यम आणि व्यावसायिक अशी प्रतवारी आणता येईल. विक्रीचा पुरावा नसलेल्या मोजक्या रोपांसाठी शिक्षा अल्प प्रमाणाइतकी करता येईल, उपचारांची सवलत त्यांना लागू करता येईल, आणि बियाण्याच्या ऑनलाइन व्यापाराबाबत आज अनेक कायद्यांत विखुरलेले नियम एकत्र आणता येतील. अल्प प्रमाणातील वैयक्तिक सेवन गुन्हेगारीच्या कक्षेतून बाहेर काढावे, अशी शिफारस केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने केल्याचे वृत्त २०२१ मध्ये आले होते. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वाधिक घातक पदार्थांच्या यादीतून वगळण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले होते. परराष्ट्र व्यासपीठावर दाखवलेला हा विवेक देशांतर्गत कायद्याच्या मजकुरात अद्याप उतरलेला नाही.

तोवर, परदेशी चित्रफिती पाहून आणि ‘बी तर कायदेशीरच आहे’ या अर्धवट माहितीवर विसंबून कुंडी सजवणाऱ्या तरुणांनी, त्यांच्या पालकांनी आणि घर भाड्याने देणाऱ्या मालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी. बर्लिनमधील तीन रोपांचा नियम मुंबईत लागू नाही. येथे पहिल्या रोपालाही दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ती योग्य आहे की नाही, हा वाद संसदेत व्हायला हवा. पण तो होईपर्यंत त्याची किंमत एखाद्या विशीतल्या मुलाने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून चुकती करावी, हे कोणाच्याच हिताचे नाही.